विषबाधा आणि यकृतरक्षक वनस्पती : उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

गेल्या हंगामात भातकापणी उरकल्यानंतर मूषकनियंत्रणाविषयी पनवेल तालुक्यातील रोडपाली येथे एक लहानशी सभा झाली. रोडपालीची शेती आता बहुतांशी आठवणीतच राहिली आहे. १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीसाठी या भागातील जमिनी संपादन झाल्या, कळंबोलीच्या वसाहती गावास येऊन भिडल्या, आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गावाचा समावेश झाला. तथापि शेतीचे संस्कार असे एकदम पुसले जात नाहीत. सभेस गावातील जुने शेतकरी आले होते, तसेच आजही भात करणाऱ्या आसपासच्या गावांतील मंडळीही आली होती. कणगी आहे तेथे उंदीर आहे, आणि उंदीर आहे तेथे विषही आहे. म्हणून विषय सर्वांच्याच जिव्हाळ्याचा होता.

सभा आटोपता आटोपता एका वयोवृद्ध गृहस्थांनी प्रश्न केला. ते म्हणाले, "साहेब, आमच्या कुंपणावर गुळवेल आहे, पावसात बांधावर भुईआवळी येते. ह्यांनी लिव्हर राखते, उंदरांवर परीक्षा झाली आहे, असे नातू मोबाईलवर दाखवतो. मग फवारणीला जाण्याआधी हा काढा घेतला, किंवा उंदराचे औषध चुकून कोणाच्या पोटात गेले आणि हाच काढा पाजला, तर चालेल की नाही?"

मी "नाही" असे उत्तर दिले. परंतु ते घाईचे उत्तर होते, आणि विचारणाऱ्याच्या मुद्रेवरून त्याचे समाधान झाले नव्हते हे स्पष्ट दिसत होते. त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. या वनस्पतींची परीक्षा खरोखरच झालेली आहे, आणि अनेक प्रयोगांत त्यांचा गुणही दिसून आलेला आहे. मग "नाही" का, हे नीट सांगणे माझे कर्तव्य होते. ते त्या दिवशी राहून गेले, म्हणून हा लेख.

प्रथम यकृताविषयी थोडेसे. पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेले हे इंद्रिय म्हणजे शरीराचे कोठार आणि कारखाना दोन्ही होय. अन्नातून, श्वासातून अथवा कातडीतून जे काही रसायन शरीरात शिरते, त्याची विल्हेवाट लावण्याचे काम बहुतांशी यकृताकडे येते. विल्हेवाट लावताना कधी कधी मूळ पदार्थापेक्षा अधिक घातक पदार्थ तयार होतो, आणि त्याचा पहिला फटका यकृतालाच बसतो.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. हे नाव प्रयोगशाळेतले वाटले, तरी शेतकऱ्याच्या घराला ते परके नव्हते. साठवणीच्या धान्यातील सोंडे व पतंग मारण्यासाठी जे "ई. डी. सी. टी." नावाचे धुरीचे मिश्रण पूर्वी वापरले जात असे, त्यात तीन भाग एथिलीन डायक्लोराइड आणि एक भाग कार्बन टेट्राक्लोराइड असे. वातावरणातील ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये २०१० पासून अशा वापरासाठी त्याचे उत्पादन आपल्या देशात बंद झाले. प्रयोगशाळेत मात्र ते टिकून आहे, कारण यकृताची हानी हुकमी घडवून आणण्यास त्याच्यासारखे साधन नाही. यकृतातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, या रसायनाची मोडतोड करतो. त्यातून अतिशय उग्र असा अंश सुटतो, आणि तो यकृतपेशींच्या वेष्टणातील स्निग्धांशावर तुटून पडतो. वेष्टण फुटले की पेशीतील द्रव्ये रक्तात झिरपतात. दवाखान्यात रक्त तपासून "एस. जी. पी. टी. वाढले आहे" असे सांगतात, ते याच झिरपण्याचे माप होय.

आता वनस्पतीची परीक्षा कशी घेतात ते पाहू. ज्यांनी वाणांच्या चाचण्या पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत समजण्यास कठीण जाणार नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण बाहेर पडले. असा वाण शिफारशीस पात्र ठरण्यापूर्वी त्याच्या शेजारी तुलनेसाठी प्रचलित वाण लावावा लागतो, आणि एकाच वाफ्यावर न विसंबता अनेक वाफ्यांत तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते. तुलनेचा वाफा नसेल, तर पीक वाणामुळे आले की पावसामुळे, हे कोणी सांगावे?

प्रयोगशाळेत वाफ्यांच्या जागी पांढऱ्या उंदरांचे गट असतात. बहुधा एका गटात सहा. (ज्या प्राण्याच्या नाशासाठी आपली सभा भरली होती, त्याच्याच भाऊबंदांनी ही विद्या आपल्याला दिली आहे, हेही ध्यानात असावे.) पहिल्या गटास विषही नाही, औषधही नाही. दुसऱ्यास केवळ विष. तिसऱ्यास विष आणि ज्याचा गुण आधीच ठाऊक आहे असे औषध. बहुधा सिलिमॅरिन, म्हणजे एका युरोपीय काटेरी वनस्पतीच्या बियांतील अर्क. चौथ्या व पाचव्या गटांस विषाबरोबर परीक्षेतील वनस्पतीचा अर्क, एकास कमी व एकास अधिक मात्रेत. ठरलेल्या दिवशी रक्त तपासतात आणि यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसऱ्या गटाच्या मानाने चौथ्या-पाचव्या गटातील हानी कमी असेल, तर वनस्पती "यकृतरक्षक" ठरते. कुटकी, भुईआवळी, पुनर्नवा, माका, गुळवेल, तसेच कोकणात ज्यास ओली किराईत म्हणतात तो कालमेघ, या सर्वांच्या अशा परीक्षा झालेल्या आहेत आणि अनेकींत त्या उत्तीर्णही झाल्या आहेत.

येथवर त्या गृहस्थांच्या नातवाचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु मोबाईलवर जे सांगितले जात नाही ते असे की, या प्रयोगांपैकी फार मोठ्या संख्येत औषध आधी दिले जाते आणि विष नंतर. उंदरास कित्येक दिवस अर्क पाजतात, आणि मग विष टोचतात. माणसाच्या विषबाधेत क्रम नेमका उलटा असतो. विष पोटात गेल्यानंतरच औषधाची आठवण होते!

हा फरक किरकोळ नाही. वर सांगितलेला विकर जो आहे, त्याचेच काम एखादी वनस्पती मंदावू शकते. तसे झाले की कार्बन टेट्राक्लोराइडची मोडतोड होत नाही, उग्र अंश सुटत नाही, आणि यकृत बचावते. वनस्पतीने येथे विषाचा नाश केला नाही; विष ज्या दारातून आत शिरते ते दार तिने आधीच लोटून घेतले. विष शिरल्यावर दार लोटून उपयोग काय? आणि ज्या विषाचा मार्गच निराळा आहे, त्याला या दाराचे सोयरसुतक नाही. म्हणून एका विषावरील प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या विषास लावता येत नाही. भातावरील खोडकिडीचा उपाय आंब्यावरील तुडतुड्यास लागू पडेलच असे आपण धरून चालत नाही, तसेच हे.

आपल्या घरांतील खरा धोका याच ठिकाणी आहे. दुकानांत ट्यूबमधून मिळणाऱ्या उंदीरमाराच्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो, बहुधा शेकडा ३. हे मलम पापडीस, वड्यास, भाकरीस लावून कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत आहे. लहान मुलांना त्यातले विष दिसत नाही, पापडी मात्र दिसते.

तालुक्यातीलच एका घरची हकीकत मी त्या कुटुंबाच्या तोंडून ऐकली आहे. चार वर्षांच्या मुलीने असा तुकडा तोंडात घातला. रात्री उलट्या झाल्या, सकाळी थांबल्या. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले, तेव्हा सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. "कावीळ झाली" असे घरच्यांस वाटले, आणि कावीळ म्हटली की आपल्याकडे पाय दवाखान्याकडे वळत नाहीत, झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे वळतात. तेथे पाला वाटून दुधातून दिला गेला. पुढील दीड दिवस त्या औषधाचा गुण येण्याची वाट पाहण्यात गेला. मुलगी निपचित पडू लागली तेव्हा तिला मुंबईच्या रुग्णालयात नेले. ती वाचली, पण कित्येक दिवस अतिदक्षता विभागात काढल्यानंतर. तिची आजी मला म्हणाली, "उलट्या थांबल्या हेच आम्हाला फसवून गेले."

आजीचे म्हणणे शब्दशः खरे होते. पिवळ्या फॉस्फरसच्या विषबाधेचा हाच क्रम असतो. पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटदुखी. काहींना तेवढेही होत नाही. नंतर एक-दोन दिवस सर्व काही शांत. आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून कावीळ, रक्तस्राव, गुंगी. मधले शांत दिवस हे बरे होण्याचे नव्हेत. यकृताचा नाश त्याच काळात चालू असतो. या विषास खास असा उतारा उपलब्ध नाही. डॉक्टर एन-असेटिलसिस्टीन नावाचे औषध देतात, काही मोठ्या रुग्णालयांत रक्तद्रव बदलतात, आणि अगदी शेवटी यकृताचे प्रत्यारोपण करावे लागते. हे सर्व वेळेशी बांधलेले आहे. फॉस्फरस स्निग्ध पदार्थांत विरघळतो, म्हणून अशा वेळी दूध, तूप, तेल पाजणे हे हानिकारक होय. दुधातून दिलेला पाला दोन्ही परींनी वाईट ठरला.

वेळेचे महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. तापाच्या साध्या पॅरासिटामॉल गोळ्या अतिरेकी संख्येने पोटात गेल्यास यकृत निकामी होते. यावर वरील एन-असेटिलसिस्टीन हा उत्तम उतारा आहे. परंतु पहिल्या ८ तासांत दिल्यास त्याचा जो गुण येतो तो नंतर तितका येत नाही. सिद्ध झालेल्या उताऱ्याची ही स्थिती, तर न तपासलेल्या काढ्यासाठी दीड दिवस घालविणे किती महाग पडेल याचा विचार व्हावा. वनस्पतीचे द्रव्य विष घेतल्यानंतर कधीच उपयोगी पडत नाही असेही नाही. युरोपात विषारी अळिंबी खाणाऱ्या रुग्णांना सिलिमॅरिनमधील एक शुद्ध घटक शिरेतून देतात. पण तो मोजून, शुद्ध करून, रुग्णालयात दिला जातो. वाटून पेल्यातून नव्हे.

मग झाडपाल्याने कावीळ बरी होते, हा शेकडो लोकांचा अनुभव खोटा का? अनुभव खोटा नाही. त्यात तुलनेचा वाफा नाही. दूषित पाण्यातून होणारी जी कावीळ मुलांत विशेष आढळते, ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. औषध घेतलेला बरा होतो आणि न घेतलेलाही बरा होतो. परंतु श्रेय औषध देणाऱ्यास मिळते. याचा अर्थ सर्व वैद्यकी निरर्थक असाही नव्हे. १८७२ साली पनवेल शहरात श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन झाला. या तालुक्याला आयुर्वेद परका नाही, आणि त्याची परीक्षा घेणारी माणसेही महाराष्ट्रातच निघाली.

आरोग्यवर्धिनी हे यकृतविकारांवरील जुने औषध. त्याच्या एकंदर वजनात निम्मा वाटा कुटकीचा असतो. काविळीच्या रुग्णांवर या औषधाची तुलनात्मक परीक्षा अंतरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि ती १९८० साली प्रसिद्ध झाली. पुढे डॉ. अशोक वैद्य, अंतरकर आणि सहकारी यांनी केवळ कुटकी घेऊन चाचणी केली; ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. काविळीच्या १५ रुग्णांस कुटकीच्या मुळाचे ३७५ मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीन वेळा दोन आठवडे दिले, आणि १८ रुग्णांस तसेच दिसणारे, परंतु औषध नसलेले चूर्ण दिले. कोणास काय दिले हे रुग्णासही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यासही नाही. रक्तातील पिवळेपणाचे प्रमाण ठरावीक पातळीपर्यंत उतरण्यास कुटकीच्या गटात सरासरी सुमारे २७ दिवस लागले, तर दुसऱ्या गटात सुमारे ७६. माझ्या मते या चाचणीचे खरे मोल तिच्या निष्कर्षापेक्षा तिच्या रीतीत आहे. रुग्ण थोडे होते, आणि आजार विषाणूचा होता, रसायनाचा नव्हे. हे विसरून चालणार नाही.

एकाच चाचणीवर का विसंबू नये, हे भुईआवळीने शिकविले. १९८८ साली मद्रासच्या थ्यागराजन व सहकाऱ्यांनी "ब" प्रकारच्या काविळीचा विषाणू रक्तात बाळगणाऱ्यांवर भुईआवळी वापरून पाहिली. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांत विषाणूची खूण नाहीशी झाली. न घेतलेल्या २३ पैकी एकातच. सर्व जगाचे लक्ष तिकडे वेधले. नंतर इतर देशांत तीच परीक्षा पुन्हा घेतली गेली, तेव्हा तसा गुण आढळला नाही. वाण एका वर्षी एका शेतात उत्तम आला आणि दुसरीकडे आला नाही, तर आपण त्याची शिफारस करीत नाही.

गुळवेलीची गोष्ट त्याहूनही विचार करावयास लावणारी आहे. कोविडच्या साथीत तिचा काढा घरोघरी सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर भागातील कातकरी बांधवांना तिच्या संकलनातून चार पैसेही मिळाले, ही आनंदाची बाब होय. परंतु सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताच्या हानीसह आढळले, आणि डॉ. आभा नगरल व सहकाऱ्यांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली देशातील अनेक रुग्णालयांतून मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बहुतेक रुग्ण काढा थांबविल्यावर सुधारले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटविलेली नव्हती, आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असण्याचा संभव आहे. ती दुसरी जात ओळखण्याची खूण अशी की तिच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे दाट असतात. आपल्या गुळवेलीची साल पातळ कागदासारखी सुटते. वाद कोणाचाही बरोबर असो, शेतकऱ्याच्या दृष्टीने बोध एकच निघतो : जी वेल यकृत राखते म्हणून आपण पितो, तीच काहींच्या यकृतास बाधू शकते. काढा घेत असताना भूक मेली, लघवी गर्द पिवळी झाली, तर काढा बंद करून रक्त तपासावे, आणि डॉक्टरांपासून काढ्याची गोष्ट लपवू नये. जमल्यास वेलीचा तुकडाही बरोबर न्यावा.

वनस्पती कोठून तोडली हेही महत्त्वाचे आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात २०१७ साली निळ्या रंगाची कुत्री दिसली, ती बातमी आपणा सर्वांस आठवत असेल. कासाडी नदीच्या आणि तेथील नाल्यांच्या काठची भुईआवळी कोणत्याही रोगावर तोडू नये. तसेच कारखान्यांतून भंगारात येणारी पिंपे धुऊन पाण्यास वा धान्यास वापरण्याची जी सवय या भागात आहे, ती सोडली पाहिजे. यकृतास बाधक अशी द्रावणे पिंपाच्या भिंतीत मुरतात, आणि ती वासाने नेहमी कळतातच असे नाही.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा पहिला भाग फवारणीचा होता. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीची अनेक कीटकनाशके प्रथम मज्जातंतूंवर आघात करतात, यकृतावर नव्हे. तेव्हा यकृतरक्षक काढा पिऊन फवारणीस जाणे म्हणजे डोक्यास टोपी घालून अनवाणी काट्यांत शिरण्यासारखे आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर आच्छादन, वाऱ्याच्या दिशेचे भान, आणि काम संपताच साबणाने स्नान, हेच तेथील संरक्षण होय. काढ्याच्या भरवशावर यातील एक जरी गोष्ट सुटली, तर काढा अपायकारक ठरला असेच म्हणावे लागेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की मूषकनियंत्रणाच्या प्रत्येक सभेत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात. घरात शक्यतो पिंजरा वापरावा. विषच वापरावयाचे तर ब्रोमॅडिओलोनची तयार वडी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. त्या विषावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड केवळ शेतातील बिळांसाठी. ते घरात आणूच नये. फॉस्फरसचे मलम पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी रुग्णास काही त्रास नसतानाही त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, दूध-तूप देऊ नये, आणि ट्यूब किंवा तिचे वेष्टण डॉक्टरांकडे न्यावे. उलट्या थांबल्या तरी दवाखाना सोडू नये.

त्या दिवशी सभा संपल्यावर ते गृहस्थ मला घरी घेऊन गेले. कुंपणावरची गुळवेल दाखविली. ती खरी गुळवेलच होती. मग आत जाऊन त्यांनी फळीवरून अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब काढून आणली. ती नातवंडांच्या बिस्किटांच्या डब्यालगतच होती. "ही तळ्यात टाकू की चुलीत?" त्यांनी विचारले. फॉस्फरस हवेतही पेट घेतो आणि पाण्यातील मासे मारतो, म्हणून दोन्हीकडे नको, असे मी सांगितले. आणि ती ट्यूब प्लॅस्टिकच्या बरणीत बंद करून माझ्याबरोबर घेऊन आलो.